सगुणाबायची ओ

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे घाटात गाडीरस्ता नव्हता आणि कोकणातलं मीठ माणसांच्या डोक्यावरून वर जायचं, तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी कुंभेवाडी. तिथे सगुणाबाय आणि तिचा नवरा तातू राहायचे. तातू मीठ घेऊन वर जायचा, येताना गूळ आणायचा. पोटापुरतं मिळत होतं. पदरात शेवती नावाची एकच पोर.

एका पावसाळ्यात तातू परत येताना धुक्यात सापडला. घाटातलं धुकं म्हणजे काय ते तिथे राहणाऱ्यालाच विचारा, आपला हात आपल्याला दिसत नाही. त्याने वरून कुकारा घातला, म्हणजे लांब सूर काढून हाक दिली. सगुणाबायने अंगणातून आवाज ओळखला. ओ द्यायला तोंड उघडलं, तोच सासूने तिच्या तोंडावर हात दाबला. "ओ देव नको! तो तुझो घोव नाय, चकवो हाक मारता!" धुक्यातल्या हाकेला ओ दिली की चकवा माणसाला ओढून नेतो, असं तेव्हा सगळी वाडी मानायची. हाक पुन्हा आली, पुन्हा आली, मग थांबली. धुकं निवळल्यावर तातू कड्याखाली सापडला.

सगुणाबाय सासूशी भांडली नाही. भांडून काय, म्हातारीचाही तो पोटचा मुलगा. एवढंच म्हणाली, "चकवो आसतो तर काय झाला आसता? फसलंय आसतंय. पण तो माझो घोव होतो, आणि मी गप रवलंय." आणि कुदळ घेऊन रानात शिरली.

त्या रानात मोठ्या झाडांच्या सावलीत रानसुपारी वाढते. बांबूसारखी बारीक, अंगावर वळी असलेली, एकाच मुळातून दहा काड्या उठून बेट धरणारी. सगुणाबाय एकेक काडी मुळासकट काढायची, टोपलीत घालायची आणि घाटवाटेच्या कडेने लावत जायची. डोळ्यांना दिसत नसलं तरी हाताला लागेल, असा तिचा हिशेब. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. म्हणोत बापडे! वर्षं गेली, बेटाला बेट मिळालं आणि वाटेला कठडा झाला. असं म्हणतात की, तिने लावलेलं एकही रोप मेलं नाही. एखादं मेलंही असेल, पण असं म्हणतात.

फक्त वरचा सडा उघडा राहिला. सडा म्हणजे नुसता सपाट कातळ. ना माती, ना सावली. तिथे रानसुपारी कशी जगणार? आणि तातू वाट चुकला होता तो तिथेच.

शेवती मोठी झाली, तिला घाटावर दिली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातव्या महिन्यात यायची, पण तिकडे सासू आजारी पडली, निघणं लांबलं आणि पाऊस लागला. दिरासोबत उद्या निघतेय, असा तिचा निरोप आला. सगुणाबाय पहाटेच उठली, इरलं डोक्यावर घेतलं आणि सड्यावर जाऊन उभी राहिली. धुकं उतरलं तसा तिने कुकारा घातला, "शेवतेऽऽ!" एकदा घातला तो थांबवलाच नाही. पाऊस आडवा मारत होता. असं म्हणतात की, तिचा आवाज जराही चिरकला नाही.

सड्याच्या पलीकडे शेवती आणि दीर थबकले. दीर घाबरून म्हणाला, "वैनी, वो देऊ नगासा. चकवा हाय."

शेवतीला बापाची गोष्ट ठाऊक होती. "माझी आये हां ती," म्हणाली आणि जीव खाऊन ओरडली, "ओऽऽ!"

हाक यायची, ही ओ द्यायची, आणि आवाजाच्या रोखाने एकेक पाऊल टाकायची. असं करत सडा संपला आणि हाताला रानसुपारी लागली. मागून धुक्यातून आईचा आवाज आला, "धरून धरून खाली जा गे. मी येतंय." त्याच संध्याकाळी कुंभेवाडीत शेवतीला मुलगी झाली.

सगुणाबाय मात्र आली नाही.

धुकं निवळल्यावर लोक वर गेले. उघड्या कातळावर, ओंजळभर माती नाही अशा जागी, रानसुपारीचं हिरवंगार बेट उभं होतं आणि त्यावर तिचं इरलं. सगुणाबाय कुणालाच दिसली नाही. असं म्हणतात की, तिची म्हातारी सासू काठी टेकत सडा चढली, बेटाला मिठी मारून ढसाढसा रडली आणि म्हणत राहिली, "ओ गे बाये, ओ!"

आता घाटात डांबरी रस्ता आहे, तो सड्यावरूनच जातो. तरी कुंभेवाडीत रानसुपारी कुणी तोडत नाही, आणि धुक्यातून हाक आली तर जो ऐकेल तो ओ देतो, मग हाक कुणाचीही असो. लेक पहिल्या बाळंतपणाला यायची असली की आई सडा चढते आणि त्या बेटापाशी उभी राहते. लेक फोनवर ओरडते, "आये, मी गाडयेत बसलंय, तू घराकच रव!" आई कसली ऐकते! एसटी सड्यावर आली की ती कुकारा घालते. लेक खिडकी उघडून ओ देईपर्यंत सगळ्या गाडीने ओ दिलेली असते.