डाव्याची कणीक

"म्हंजे थोरल्या बुवांचं डावं एवढं हलकं व्हतं, म्हंतोस तू?"

"हो बुवा. मी स्वतः ऐकलंय."

एकनाथबुवांनी कोपऱ्यातल्या गवसणी घातलेल्या पखवाजाकडे पाहिलं...

वारणाकाठच्या त्या महादेवाच्या देवळात एकनाथबुवा गुरव पासष्ट वर्षं पखवाज वाजवत आले होते. त्यांचे गुरू थोरले बुवा जाऊन तीस वर्षं लोटली होती. मागे उरल्या त्या त्यांच्या वादनाच्या बेचाळीस टेपा. सौमित्र ठोसरनं त्या पुण्याला नेऊन संगणकात उतरवल्या आणि साफ केल्या.

सौमित्र अकरा वर्षं बुवांकडे शिकत होता. पोटासाठी कंपनीत संगणकाचं काम करायचा, पण जीव सगळा आवाजात. आपल्या कानाचा त्याला गर्व होता, आणि त्याहून जास्त आपल्या हेडफोनचा.

हेडफोन होतेच तसे. परदेशातून मागवलेले, कातडी गाद्यांचे, मखमली पेटीत निजणारे. घरातलं तान्हं मूल कुणी इतकं जपत नसेल. ते तो संगणकाच्या साउंड कार्डाला जोडायचा. कार्डातल्या चिमुकल्या अँप्लिफायरला हे भारी हेडफोन पेलतील का, अशी शंका त्यालाही एकदा आली होती. म्हणून त्यानं आवाज वाढवून पाहिला. भरपूर वाढला, कान किटले. झालं, जोडी जमली, असं साहेबांनी ठरवून टाकलं.

मग टेपा ऐकल्या, तर पखवाजाचं डावं तोंड नको तितकं घुमतंय. तो म्हणाला, टेपा जुन्या, हा त्यांचाच दोष. त्यानं तो फुगलेला खर्ज बेचाळीसच्या बेचाळीस टेपांतून खाली ओढला आणि साफ केलेल्या टेपा सगळ्या गुरुबंधूंना पाठवल्या.

पुढे त्यानं बुवांचं वादन आपल्या नव्याकोऱ्या माइकवर घेतलं. तेही घुमायला लागलं. इथं तर जुनी टेप नव्हती. मग दोष कुणाचा? बुवांच्या हाताचा! हेडफोनचा दोष असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

"बुवा, राग मानू नका," तो तेव्हा म्हणाला होता, "पण थोरल्या बुवांपेक्षा तुमचं डावं फार जड पडतं."

गुरुबंधूंनीही साफ केलेल्या टेपा ऐकून माना डोलावल्या.

 दुसऱ्या दिवशी बुवांनी पखवाजाला गवसणी घातली, ती वर्षभर काढलीच नाही. गुडघे दुखतात, असं लोकांना सांगत राहिले.

आता थोरल्या बुवांची पुण्यतिथी परवावर आली होती. बुवा वाजवणार नाहीत म्हटल्यावर सौमित्र माइक, संगणक आणि हेडफोन घेऊन धावत आला होता.

"एवढंच करा बुवा, कणीक कमी लावा," तो म्हणाला. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात. कणीक जितकी जास्त, तितका आवाज खोल आणि जड.

"किती कमी?"

"ते... ऐकून ठरवावं लागेल."

"मग मला शिकीव."

सौमित्र दचकला. "मी? तुम्हाला?"

"तुला त्यांचा आवाज ठावं हाय. मी इसारलो असंन."

बुवांच्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून त्यानं त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा नव्हता. तो मनातून सुखावला, आणि कामाला लागला.

माइक सभामंडपात ठेवला. त्याची लांब वायर अंगण ओलांडून पलीकडच्या खोलीत नेली. तिथं दार लावून, कानांवर हेडफोन चढवून तो बसला. आता बाहेरचं काही त्याच्या कानी पडणार नव्हतं. जे येईल ते माइकातून, कार्डातून आणि त्या लाडक्या हेडफोनमधून.

बुवांनी गवसणी काढली. नेहमीसारखी पुरीएवढी कणीक थापली. थाप मारली.

हेडफोनमध्ये खर्ज नुसता गडगडला.

"जड आहे, बुवा!" सौमित्र आतूनच ओरडला.

"चिमूटभर काढली. आता?"

"अजून काढा!"

"आता?"

"अजून जरा..."

मग नखानं कणीक खरवडल्याचा आवाज आला, मागोमाग नुसता बुवांचा श्वास.

"आता हिच्याफुडं काढाया काय ऱ्हात न्हाई रं... आता बघ."

थाप पडली. सौमित्रच्या अंगावर काटा आला. साफ केलेल्या टेपांतलं डावं, हुबेहूब! गोल, भरीव, नेमकं. त्याचे डोळे भरून आले.

"हेच! हेच ते, बुवा! थांबू नका, मी आलो!"

हेडफोन काढून ठेवून त्यानं दार उघडलं, अंगणात पाऊल टाकलं, आणि जागच्या जागी उभा राहिला.

कुणीतरी रिकामा पत्र्याचा डबा बडवत होतं.

त्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं. ऐन घटकेला कुणाला ही अवदसा आठवली, म्हणून त्याला रागच आला. अंगणात कुणी नव्हतं. मग त्याची नजर सभामंडपात गेली.

बुवांचा डावा हात वर जात होता आणि खाली येत होता. हात पडला की डबा वाजत होता.

सौमित्र मंडपाच्या पायरीशी आला.

डाव्या तोंडावर सुपारीएवढी कणीक उरली होती. बुवा खांद्यापासून जोर लावत होते, कपाळावर घाम आला होता, आणि आवाज काही केल्या भरत नव्हता. सौमित्र दिसताच त्यांनी वाजवता वाजवता विचारलं, "असंच व्हतं न्हवं, थोरल्या बुवांचं?"

तो एक पाऊल मागे सरला.

"मला तसं आठवत न्हाई... पर तू म्हंतोस तर..."

सौमित्र उलटा पळाला. खोलीत शिरून त्यानं हेडफोन कानांवर चढवले. गोल, भरीव डावं. काढले. उघड्या दारातून डबा. पुन्हा चढवले, पुन्हा काढले. तिसऱ्यांदा चढवताना हेडफोन हातातून निसटले आणि फरशीवर आपटले. त्यानं ते उचललेसुद्धा नाहीत.

भिंतीला टेकून तो खाली बसला.

आवाज मोठा होणं वेगळं आणि जोडी जमणं वेगळं, हे आत्ता त्याच्या डोक्यात शिरलं. हेडफोन चांगले होते, कार्डही वाईट नव्हतं. पण त्या कार्डातल्या अँप्लिफायरला हे हेडफोन मानवत नव्हते. दोघं एकत्र आले की खर्ज सुजायचा. टेपांचा सुजायचा, बुवांचाही सुजायचा. दुसरं काहीही वाजवलं असतं, तरी त्याचाही सुजलाच असता. टेपा धडधाकट होत्या. बुवांचा हात धडधाकट होता. त्यानं औषध दिलं ते निरोग्याला.

आणि बाहेर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा अजून वाजवत होता, कारण शिष्यानं थांबू नका म्हणून सांगितलं होतं.

"थांबा!" सौमित्र किंचाळतच बाहेर आला. "बुवा, थांबा! पाया पडतो तुमच्या, थांबा!"

बुवांचा हात हवेतच राहिला.

त्यानं सगळं सांगितलं. धड सांगता येत नव्हतं, मधेच रडत होता, मधेच स्वतःच्याच थोबाडीत मारून घेत होता. बुवांनी त्याचा हात धरला.

"म्हंजे थोरल्या बुवांचं डावं..."

"जड होतं, बुवा. तुमच्यासारखंच होतं."

"माझ्यासारखं..."

"अगदी तुमच्यासारखं. मीच छाटलं ते. मूळ टेपा शाबूत आहेत, पुन्हा उतरवीन. सगळ्यांना कळवीन माझी चूक. पण तुमचं हे वर्ष मी कुठून आणू?"

बुवा पार हादरून गेले होते. ते आपल्या डाव्या तळव्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले, जणू तो आत्ताच कुणी आणून दिला होता. मग परातीतली काढलेली कणीक त्यांनी गोळा केली. पाण्याचा हात लावून मळली. डाव्या तोंडावर हळूहळू थापली, पुरीएवढी. थाप मारली.

सभामंडपाचे खांब घुमले. सौमित्रच्या छातीत घुमलं.

बुवांच्या गालांवरून पाणी ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही.

सौमित्रला मात्र ते बघवेना. लाजेचं आता रागात रूपांतर झालं, आणि तो राग तो काढणार तरी कुणावर?

"पण तुम्ही माझं ऐकलंतच कसं?" तो ओरडला. "पासष्ट वर्षं वाजवलंत! थोरल्या बुवांच्या मांडीला मांडी लावून शिकलात! आणि मी कोण कुठला, एक वाक्य बोललो, तर तुम्ही पखवाज ठेवून दिलात? दोन थोबाडीत द्यायच्या होत्या मला! तुमचा तुमच्या कानावर विश्वास नव्हता?"

बुवांनी दोन्ही हात पखवाजावर टेकवले.

"व्हता की..." ते म्हणाले. "तुझा तुझ्या कानावर व्हता, तेवढाच व्हता. म्हणून तर भ्यालो."