दोन जमिनी

"हे दोघं एकमेकांचे कोण होते, बाई?"

खड्ड्याच्या काठावर बसून घारपुरेंनी विचारलं.

इंदुमतीबाई खाली उकिडव्या बसून एका बरगडीवरची माती बारीक कुंचल्याने झटकत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"अजून ठाऊक नाही."

"पण दिसतंय की!"

"काय दिसतंय?"

"तिचं तोंड आभाळाकडे. तो कुशीवर, तिच्याकडे वळलेला. त्याचा हात तिच्या हातापर्यंत आलाय. चार बोटांचं अंतर राहिलंय फक्त. आणखी काय दिसायचं राहिलं?"

"माती," बाई म्हणाल्या.

प्रद्युम्न घारपुरे प्रेमकथा लिहीत. त्यांच्या अकरा कादंबऱ्या लोकांनी उशाशी ठेवून वाचल्या होत्या. बारावीची नायिका जुनी गावं खणून काढणारी असणार होती. म्हणून ते महिनाभरासाठी नदीकाठच्या या टेकाडावर येऊन राहिले होते. तीन हजार वर्षांपूर्वी इथं वस्ती होती, आता नुसती पांढरी माती होती. बाईंनी चाळीस वर्षं अशीच टेकाडं खणली. निवृत्त झाल्या तरी विद्यार्थी त्यांना बोलावून आणत.

पहिल्याच दिवशी घारपुरे म्हणाले होते, "हाडांचं तुम्ही शिकवा. प्रेमाचं मला कळतं."

बाईंनी त्यांच्या हातात खुरपी दिली आणि एक कोपरा दाखवला.

अकरा दिवस त्या कोपऱ्यात काही निघालं नाही. खापराचा तुकडासुद्धा नाही. घारपुरेंच्या तळव्यांना फोड आले. बाराव्या दिवशी खुरपीच्या टोकाशी गुडघ्याची वाटी दिसली. दोन दिवसांत एक स्त्री वर आली, मग तिच्या शेजारी एक पुरुष.

पत्नी रेवती गेल्यापासून चार वर्षांत घारपुरेंनी एक ओळ लिहिली नव्हती. हे कुणाला ठाऊक नव्हतं. प्रकाशक विचारी, तेव्हा ते म्हणत, चाललंय.

सांगाडे निघाले त्या संध्याकाळी ते तंबूत लिहायला बसले. तीन संध्याकाळींत चाळीस पानं झाली. त्या दोघांना त्यांनी नावं दिली. पूर आला, तिला ताप भरला, तो उशाशी बसून राहिला...

चौथ्या दिवशी बाईंनी पाणी फवारायचा पंप मागवला.

दोघांची डोकी खड्ड्याच्या उभ्या भिंतीला टेकलेली होती. बाईंनी ती भिंत खुरपीने तासून सपाट केली आणि तिच्यावर पाणी मारलं. कोरड्या मातीत जे दिसत नव्हतं ते ओलीत उमटलं. काळपट पट्टा, पिवळा पट्टा, मधे दोन पांढुरक्या रेघा.

"या या. ही खालची रेघ म्हणजे एका घराची जमीन. चोपून केलेली. ही वरची, दुसऱ्या घराची. मधे गाळ आहे. म्हणजे पूर आला, गाव उठून गेलं, पुष्कळ वर्षांनी कुणीतरी पुन्हा येऊन वसलं."

"बरं..."

"तिच्या डोक्यावर बघा. खालची जमीन फोडून तिला पुरलंय. वरची?"

घारपुरे वाकले. "अखंड आहे."

"त्याच्या डोक्यावर?"

घारपुरेंनी एकेक रेघ बोटाने तपासली.

"दोन्ही फुटल्यात," ते म्हणाले.

"हं."

"म्हणजे तो नंतर आला."

"शंभरएक वर्षांनी. थोडी इकडेतिकडे."

"त्याला ठाऊक असेल... त्याच्या माणसांना तरी... की खाली ती आहे?"

"कसं असेल? जमिनीखाली होती ती."

वर घमेली उचलणाऱ्या बायका जेवायला निघाल्या. त्यांच्या बोलण्याचा आवाज लांब जात नाहीसा झाला.

"हे अहवालात येणार?" घारपुरेंनी विचारलं.

"येणार."

"अहवाल किती जण वाचतात, बाई? माझं पुस्तक हजारो लोक वाचतील."

"मग लिहा की. मी कुठं अडवलंय?"

"खरं असल्याशिवाय नाही लिहिता येत आता," घारपुरे म्हणाले. हे वाक्य त्यांचं त्यांनाच नवीन होतं.

बाई हात झटकून जेवायला गेल्या. त्या नेहमी एकट्याच जेवत, बाभळीखाली, सगळ्यांकडे पाठ करून.

दुपारी तीनला फोटो काढायचे होते.

पावणेतीनला बाई खड्ड्यात उतरल्या. मागोमाग दोन विद्यार्थी कॅमेरा घेऊन. बाई दोन पावलं चालल्या आणि थांबल्या.

पुरुषाच्या हाताची बोटं स्त्रीच्या बोटांवर होती.

विद्यार्थी एकमेकांकडे पाहू लागले.

"चहा घेऊन या सगळे," बाई म्हणाल्या. "मग काढू."

ते गेले. घारपुरे भिंतीपाशी उभे होते. त्यांचा चेहरा धुळीने भरला होता.

बाईंनी बोट दाखवलं. हाडं उचलली होती तिथं मातीत त्यांचे ठसे राहिले होते. बारीक, कोवळ्या शेंगांसारखे.

"तुम्ही?"

"नाही," घारपुरे म्हणाले.

बाई कडेच्या मातीच्या पायरीवर जाऊन बसल्या.

"हो," घारपुरे म्हणाले.

"परत ठेवा."

घारपुरे गुडघ्यांवर बसले. पहिलं हाड त्यांनी चिमटीत धरून त्याच्या ठशावर ठेवलं. ते बसलं. दुसरं ठेवताना नखाचा धक्का लागला, ठशाची कड ढासळली. मग शेजारचा ठसा बुजला. त्यांनी घाईने फुंकर मारली. उरलेली माती उडाली आणि जिथे बोटं होती तिथं नुसती सपाट जागा राहिली.

तीन हाडं त्यांच्या तळहातावर तशीच राहिली.

"बाई... कुठली कुठं होती तेच कळेना."

"नाही कळायचं आता."

वर वारा सुटला होता. तंबूचं कापड फडफडत होतं.

"रेवती गेली तेव्हा मी नागपुरात होतो," ते म्हणाले. "व्याख्यान होतं. टाळ्या चालू होत्या. इस्पितळातल्या नर्सनं नंतर सांगितलं, त्या कुणाचा तरी हात चाचपत होत्या. पलंगावर. असा..." त्यांनी हात मातीवर पसरून दाखवला. "मला हे असं बघवेना, बाई. एवढं जवळ, आणि..."

बाईंनी पिशवीतून कापूस आणि डबी काढली. त्यांनी समजूत काढली नाही.

"तुम्हाला कधी वाटलं नाही? चाळीस वर्षांत? थोडंसं सरकवावं?"

"वाटलं."

"मग?"

बाई उठल्या. घारपुरेंच्या तळहातावरची तीन हाडं त्यांनी एकेक करून कापसात घेतली, डबीत ठेवली. मग रोजच्या कामाची वही उघडून त्यांच्यापुढे धरली.

"लिहा."

"काय लिहू?"

"झालं ते."

घारपुरेंनी लिहिलं. पुरुषाच्या उजव्या हाताची बोटे मूळ जागेवरून मी हलवली. परत ठेवताना ठसे मोडले. खाली सही केली. अकरा पुस्तकांवर असंख्य वेळा केलेली सही या वेळी वेडीवाकडी आली.

बाईंनी वाचलं. 'मी' या शब्दापुढे त्यांनी कंस करून लिहिलं, 'खोदणारा'. वही मिटली.

घारपुरेंनी ते पाहिलं. 'लेखक' असं बाईंनी लिहिलं नव्हतं.

विद्यार्थी चहा घेऊन येताना दिसले. मोडलेल्या हाताचा फोटो तसाच काढायचा असं बाईंनी त्यांना वरच सांगितलं, कारण विचारलं तेव्हा वही दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घारपुरे निघाले. ती चाळीस पानं त्यांनी चहाच्या चुलीत घातली होती. पिशवी खांद्याला लावून ते खड्ड्यापाशी आले. बाई खालीच होत्या.

"पुस्तक राहिलं, बाई," ते म्हणाले. "ते एकमेकांचे कुणीच नव्हते. लिहायला आता काही उरलंच नाही."

बाईंनी कुंचला थांबवला. त्या स्त्रीच्या सांगाड्याकडे पाहिलं, मग वर, घारपुरेंकडे.

"आधी हिचं लिहा," त्या म्हणाल्या. "शंभर वर्षं इथं ही एकटीच होती."