दौलू सुताराचं पायताण

"पण वस्ताद, चूक काय झाली, तेवढं तरी सांगाल की नाही?"

बाबालाल वस्तादांनी मान वर केली नाही. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर होता. चष्मा कपाळावर ढकलून ते पडद्यावरची वाकडी रेघ बोटानं खालपासून वरपर्यंत गिरवत होते.

"चूक न्हाई," ते म्हणाले.

"मग?"

"काम चोख हाय."

"मग गाडी परत का आली?"

वस्तादांचं बोट पुन्हा रेघेच्या खालच्या टोकाशी गेलं.

अभिनंदन मगदूमच्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण काम चोख आहे म्हणायचं आणि तोंड मिटून बसायचं, हे कुठलं शहाणपण?

घाट चढून आलं की उजव्या हाताला वस्तादांचं गॅरेज. कोल्हापूरकडच्या माणसाला तालमीतला असो की गॅरेजमधला, शिकवणारा तो वस्तादच. आणि बाबालाल शिकलगार काही पाना-पक्कडीपुरते वस्ताद नव्हते. कॉम्प्युटरच्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि आसपासच्या मिस्त्र्यांनी हात टेकले, तेव्हा साठीला टेकलेल्या या माणसानं लॅपटॉप घेतला आणि लहान पोरासारखा पहिल्यापासून शिकला. अभिनंदनला पुढचं शिकायला पुण्याला धाडलं तेही त्यांनीच. त्यामुळे 'म्हाताऱ्याला नवं काय कळतंय' असं म्हणायचीही सोय त्या बिचाऱ्याला उरली नव्हती.

पुण्याहून अभिनंदन दोन गोष्टी घेऊन आला. एक म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलायची विद्या, आणि दुसरी म्हणजे पांढरेशुभ्र बूट. दोन्हींवर तो धूळ बसू देत नसे.

गॅरेजची एक रीत होती. दरवर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की वस्ताद तयार झालेल्या शिष्याच्या हातात स्वतःचा एक पाना द्यायचे. तो पाना मिळाला की त्यानं खुशाल स्वतःची पाटी लावावी. अभिनंदनची पाटी रंगवून तयार होती. वर्तमानपत्रात गुंडाळून घरी खाटेखाली ठेवली होती. वडील रोज ताटावर बसले की विचारायचे, "म्हटलं का काय वस्तादांनी?" अभिनंदन आमटी भुरकत नाही म्हणायचा. वडील पुढं काही बोलत नसत, आणि तेच त्याला जास्त लागायचं.

आणि आता खंडेनवमी तोंडावर आली असताना दौलू सुताराची जीप परत आली होती.

जीप जुनी. धूर ओकायची, चढाला रडायची. वस्तादांनी ती सगळीच्या सगळी अभिनंदनच्या हवाली केली होती. त्यानं नोझल साफ केले, टर्बोचा चिरलेला पाइप बदलला, कॉम्प्युटरमधला जुना प्रोग्रॅम काढून स्वतः तयार केलेला नवा भरला. धूर गेला. पिकअप असा आला की घाटात नव्या गाड्यांनी बाजू द्यावी. स्वतः चालवून बघताना अभिनंदन एकटाच मोठ्यानं हसला होता.

फक्त एक गोष्ट त्यानं टाळली होती. गॅरेजची दुसरी रीत.

गिऱ्हाईक आलं की वस्ताद त्याला बाकड्यावर बसवायचे, चहा सांगायचे आणि म्हणायचे, "पायताण काढा." मग त्या माणसाचं पायताण स्वतःच्या पायात घालून गाडीत बसायचे आणि तसेच रेस देऊन बघायचे. कुणाची कापशी चप्पल, कुणाची रबरी, कुणाची शेणानं भरलेली. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचा काहीतरी तोडगा असेल. अभिनंदनला त्याची किळस यायची. "पायातली वहाण पायातच बरी," असं पुटपुटून तो तेवढं काम चुकवायचा. वस्ताद बघत असत आणि काही बोलत नसत.

दौलू सुतार गाडीला टेकून उभा होता. उंच, वाळका माणूस. आल्यापासून त्यानं चहालाही हात लावला नव्हता.

"काका, नक्की त्रास काय आहे?" अभिनंदननं विचारलं. "धूर येतो का?"

"धुराचं मी कुठं म्हणतोय?"

"चढाला दम सोडते?"

"दम लई झालाय, पोरा. तेच तर... टेकवला पाय की उडीच मारती."

"पेडल हळू दाबायचं. आता गाडी पहिल्यासारखी मेलेली नाही."

"हळूच दाबतो."

वस्तादांनी लॅपटॉप मिटला. "दौलू, सगळं सांग त्याला."

दौलूनं खाली बघत सांगितलं. त्याच्या बायकोची, शेवंताची किडनी गेलेली. तिला ठरल्या वारी कोल्हापूरला न्यायचं, रक्त धुऊन आणायचं. येताना तिच्या अंगात त्राण नसतं. मागच्या सीटवर चादर पांघरून पडून असते. काल घाट उतरताना एका वळणाला गाडी अशी उसळली की ती सीटवरून खाली पडली.

"लागलं?" अभिनंदनच्या तोंडून कसंबसं निघालं.

"लागलं न्हाई फारसं. पण भ्याली. आता बसतच न्हाई म्हणती. उद्या न्यायचा वार हाय. म्हणती, मरायचंच असंल तर घरात मरीन, त्या गाडीत न्हाई..." दौलूनं बाहीनं तोंड पुसलं. "गेली न्हाई तर किती दिवस काढंल ती? मला माझी आधीची गाडी द्या."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची गाणी लांबवर ऐकू येत राहिली.

अभिनंदननं मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला. तो घाईघाईनं म्हणाला, "जुना प्रोग्रॅम परत भरतो. आत्ता भरतो."

"मग धूर?" वस्तादांनी विचारलं.

"येईल थोडा..."

"मागं कोण असती?"

अभिनंदननं मागच्या सीटवरच्या चादरीकडं बघितलं.

वस्ताद उठले. "दौलू, पायताण काढ."

दौलूनं काढलं. वस्ताद वाकले, दोन्ही हातांनी ते पायताण उचललं आणि आणून अभिनंदनच्या पुढ्यात ठेवलं. शिष्यानं गुरूचं उचलायचं असतं, इथं सगळंच उफराटं.

"घाल."

"वस्ताद, मी..."

"घाल."

अभिनंदननं पांढऱ्या बुटांच्या नाड्या सोडल्या. डाव्या पायात पायताण सहज गेलं. उजवं हातात घेतलं तर ते वजनदार. तळाला एका बाजूनं टायरचे तुकडे ठोकून उंच केलेलं, आत पोत्याची घडी घातलेली. पाय घातला आणि त्याच्या लक्षात आलं, यात घोटा वाकवताच येत नाही. मांडीपासून अख्खा पाय उचलायचा आणि अख्खा टेकवायचा.

"फणसावनं पडलो हुतो," दौलू ओशाळून म्हणाला. "घोटा सांधला. पर वाकायचं इसरला."

अभिनंदन गाडीत बसला. गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि जितका हळू टेकवता येईल तितका पाय पेडलवर टेकवला. जीप उसळून पाण्याच्या पिंपाच्या रोखानं गेली. त्यानं जिवाच्या आकांतानं ब्रेक मारला. पिंप बोटभर अंतरावर राहिलं.

"आसं," दौलू म्हणाला.

अभिनंदन स्टिअरिंगला धरून तसाच बसून राहिला. याच गाडीत तो हसला होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली, इतकी की दौलूकडे बघवेना.

"मी तुम्हाला हळू दाबा म्हणालो..."

"जाऊ दे रं."

"वस्ताद, आता काय करू?"

"मी काय सांगू? पायताण तुझ्या पायात हाय."

मग अभिनंदन कामाला लागला. इंजिनाचं जे सुधारलं होतं ते त्यानं तसंच ठेवलं. धूर परत येऊ द्यायचा नव्हता. त्यानं फक्त पेडलची रेघ उघडली, पाय किती दाबला की इंजिनानं किती जोर लावायचा ते सांगणारी. पुण्यात ती ताठ चढवायला शिकवली होती. पाय टेकला की गाडी पळाली पाहिजे, त्यालाच तिथं टाळ्या मिळायच्या. आता त्यानं ती सुरुवातीला जवळजवळ आडवी केली, मग हळूहळू वर नेली.

"बघून येऊ," तो म्हणाला.

दौलू शेजारी बसला. मागचं दार वाजलं. वस्ताद आत शिरले होते. सीटवर आडवे झाले, गुडघे पोटाशी घेतले आणि शेवंताची चादर तोंडावर ओढली.

"वस्ताद, हे काय?"

"चल," चादरीतून आवाज आला.

घाटातल्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन ते परत आले. गॅरेजपाशी गाडी थांबली.

"अजून," चादर म्हणाली.

पुन्हा लॅपटॉप, पुन्हा ती रेघ. पुन्हा घाट. अभिनंदनची मांडी भरून आली, उजव्या पायाला पोत्याची घडी काचू लागली. हा माणूस रोज असा चालवतो, हे मनात आलं आणि त्यानं काचणाऱ्या पायाची तक्रार गिळली.

"अजून."

एका खेपेला तो चिडलाच. "वस्ताद, आता तर पाण्यासारखी चालली होती!"

"गिअर बदलताना डोसकं आपटलं माझं."

पुन्हा बसला. दौलूला विचारलं, चढाला तुम्ही गिअर केव्हा बदलता? दौलूनं सांगितलं. सगळे बदलतात त्याच्या बरंच आधी बदलायचा तो, बायको जागी होऊ नये म्हणून. त्याला वाटायचं गाडी म्हातारी आहे, म्हणून रडते. अभिनंदननं इंजिनाचा जोर तिथं, त्या खालच्या जागी आणून ठेवला. आता शर्यत कुठलीच जिंकता आली नसती.

ऊन कलायला लागलं तेव्हा ते पुन्हा निघाले. पहिलं वळण गेलं, पुढची दोन-तीन गेली. गाडी वळवली, चढ लागला. मागून काहीच आवाज नाही...

"वस्ताद?"

काही नाही.

"वस्ताद, बरं आहे ना?"

अभिनंदननं आरशात बघितलं. तो गाडी बाजूला घेणार तेवढ्यात मागून घोरण्याचा आवाज आला. सावकाश, भरपेट जेवलेल्या माणसाचा.

दौलूनं ओठावर बोट ठेवलं. त्याचे डोळे भरून आले होते.

गॅरेज आलं. अभिनंदननं गाडी थांबवली नाही. तशीच पुढच्या फाट्यापर्यंत नेली, हळूच वळवली, परत आणली.

संध्याकाळी दौलू पायताण घालून गेला. अभिनंदन बूट शोधू लागला तर बूट गायब. बाकड्याखाली बघितलं, टायरांच्या मागं बघितलं, गॅरेजच्या कुत्र्याला उगाच चार शिव्या घातल्या. अखेर कोपऱ्यातल्या तुटक्या स्लिपरा ओढत घरी गेला.

"म्हटलं का काय वस्तादांनी?" वडिलांनी विचारलं.

"झोपले होते," तो म्हणाला.

सकाळी तो लवकर आला. वस्ताद आधीच टेबलामागं चहा घेत बसले होते. दोघंही घाटाकडं बघत राहिले. शेवंता बसली असेल का? की दौलू एकटाच येईल, मान खाली घालून?

जीप चढ चढून वर आली. धूर नव्हता. आवाजही असा की लक्ष दिलं तरच ऐकू यावा. गॅरेजसमोरून जाताना दौलूनं वेग कमी केला नाही. फक्त यांच्याकडं बघून ओठावर बोट ठेवलं. मागच्या सीटवर चादर होती, आणि चादरीखालून एक पाय बाहेर आला होता, हिरव्या काठाच्या लुगड्यातला. झोपेत बाहेर येतो तसा.

जीप कोल्हापूरच्या रस्त्याला लागली. दिसेनाशी होईपर्यंत अभिनंदन बघत होता. त्याला मोठ्यानं हसावंसं वाटलं नाही. रडावंसं मात्र वाटलं.

तो वळला.

"वस्ताद... मी एक विचारू?"

"इचार की."

"या खंडेनवमीला..."

पुढचं त्याच्या तोंडून फुटेना. खाटेखालची पाटी, वडिलांचं ताट, सगळं डोळ्यांपुढं आलं. तो टेबलाला वळसा घालून गेला आणि वस्तादांच्या पायांवर वाकला.

हात मधेच थांबला.

वस्तादांच्या पायांत पांढरे बूट होते. नाड्या सुटलेल्या, पुढं ऑइलचे काळे डाग, टाचा बाहेर आलेल्या.

"वस्ताद, हे तर माझे..."

"व्हय."

वस्ताद टेबलाला धरून उठले. लंगडत दोन पावलं पुढं गेले, तोंड वाकडं केलं, परत आले. अभिनंदन अजून वाकलेलाच होता. त्याच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले,

"थांब जरा. चावतंय कुठं, ते बघू दे आधी."