भाताच्या लोंबीचे नाणे

चैत्र वद्य अष्टमी, बुधवार. सकाळपासून आभाळ निरभ्र, वारा अजिबात नाही, आणि दुपारी तर दगडी ओट्यावर हात ठेववत नव्हता. त्या बाजाराच्या दिवशी एका गावात एका सोनाराच्या ओट्यापुढे तीस-चाळीस माणसे जमली होती.

हा सोनार पंचक्रोशीत नावाजलेला. दागिना असो, खडा असो, जुने नाणे असो, तो सांगेल ती किंमत. तीस वर्षांत ‘ठाऊक नाही’ असे त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते, आणि त्याला अभिमान होता तो याचाच.

गर्दीत एक परटीण होती. गावाबाहेरच्या कारखान्यात कोरिया देशाचे साहेब आले होते, त्यांचे कपडे ती धूत असे. एका विजारीच्या खिशात तिला एक नाणे सापडले. परत द्यायला गेली, तर साहेबाने हसून ‘ठेव’ अशी खूण केली.

“शेठ, एवढं बघा की,” ती म्हणाली. “नातीच्या गळ्यात बांधावं, का चुलीत टाकावं?”

सोनाराने नाणे हातात घेतले. पांढरे, चकचकीत, वजनाला चारेक ग्रॅम. एका बाजूला भाताची वाकलेली लोंबी आणि कधी न पाहिलेली गोल-गोल अक्षरे. असले नाणे त्याने जन्मात पाहिले नव्हते. मागच्या बाजूला काही बारीक कोरलेले होते, पण ते वाचायला चष्मा लागला असता. चष्मा खिशात होता. एवढ्या माणसांदेखत तो काढावा, हे काही सोनाराला रुचेना.

“मागं पन्नास लिहिलंय, शेठ,” पुढे उभा असलेला एक तेली म्हणाला.

“मग पन्नास रुपये वाटले का तुला? पन्नास मोहरांचा मान असायचा एकेका नाण्याला!” सोनार म्हणाला. बोलणे सुरू झाले आणि मग थांबेना. “पूर्वेकडच्या जुन्या राजाचं आहे हे. शुद्ध चांदी. दारची दुभती म्हैस देऊन कुणी हे घेतलं, तरी घेणारा फायद्यात राहील.”

“अगं बाई!” म्हणत परटीण तिथेच खाली बसली.

दिवस मावळायच्या आत सोनार घरी आला. गोठ्यात पाहतो तर दावणीला म्हैस नाही. चांदणी ही त्याच्या घरची एकुलती एक म्हैस, दिवसाला आठ लिटर दूध देणारी.

“चांदणी कुठाय?”

“दिली,” सोनारीण आनंदाने म्हणाली.

“दिली म्हणजे?”

“पाणवठ्यावर बायकांनी तुमचं बोलणं सांगितलं. पाटलीणबाई स्वतःची म्हैस देऊन नाणं घ्यायला निघालीच होती. म्हटलं, सोनाराच्या हातून असली वस्तू जाऊ द्यायची? धावत गेले. परटीण नको नको म्हणत होती, मीच दावं तिच्या हातात कोंबलं.” आणि तिने मूठ उघडली.

मुठीत लोंबीचे नाणे होते.

सोनाराने कसोटीचा दगड काढला, नाणे घासले, वर तेजाबाचा थेंब टाकला. दगडावरची रेघ हिरवी झाली. चांदी नव्हतीच. मग त्याने चष्मा लावला. मागच्या बाजूला साध्या आकड्यांत लिहिले होते, १९९४.

“अहो, म्हणजे हे आपल्या थोरल्या लेकीपेक्षा धाकटं?” सोनारीण किंचाळलीच.

दुसऱ्या दिवशी सोनार साहेबांच्या बंगल्यावर गेला. तिथे स्वयंपाक करणाऱ्या बाईने नाणे एकदाच पाहिले.

“पन्नास वॉन. आपले तीन रुपये होतात, काका.”

“राजाचं नाही?”

“बँकेचं आहे. सुट्ट्यात मिळतं त्यांच्याकडं. टेबलावर विसरून जातात, मी गोळा करून देते.”

सोनार तसाच परटिणीकडे गेला आणि घडले ते सगळे त्याने खालच्या आवाजात सांगितले. ऐकून ती थक्क झाली.

“तीन रुपये? आन् तुम्ही म्हैस म्हणालात?” मग ती म्हणाली, “चांदणी घेऊन जा, माझी ना नाही. पण उद्या गाव म्हणंल, परटिणीनं सोनारणीला फसवलं. म्हणून येत्या बाजारी ओट्यावर उभं राहून एवढंच सांगा, की मला ठाऊक नव्हतं. तिथंच दावं तुमच्या हातात देते.”

सोनार कबूल झाला. आठवडाभर तो ते वाक्य मनात घोकत राहिला.

बुधवारी ओट्यापुढे तेवढीच गर्दी होती. परटीण चांदणीला घेऊन आली. सोनारीणही येऊन उभी राहिली. सोनाराने घसा खाकरला.

“मंडळी, मागच्या बाजारी मी जे बोललो…”

“शेठ, थांबा, थांबा!” गर्दीतून पागोटे घातलेला एक परगावचा माणूस पुढे घुसला. “माझी गाडी निघाली. तेवढं सांगा, हा पुष्कराज का नुसती काच? तुमचं नाव ऐकून लांबून आलोय.”

त्याने पिवळा खडा सोनाराच्या तळहातावर ठेवला. सगळ्यांच्या माना वळल्या. सोनाराचा हात चष्म्याच्या खिशापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

“अस्सल पुष्कराज,” सोनार म्हणाला. “डोळे झाकून घे.”

सोनारणीने कपाळावर हात मारला. परटिणीने ‘ठाऊक नव्हतं’ ऐकायची वाट पाहिली, ते काही आले नाही, तशी चांदणीला घेऊन ती घरी परतली.

यातून उचलायचे ते एवढे: ठाऊक नसेल तर पहिल्याच वेळी तसे सांगावे, दुसऱ्या वेळी ते अधिक जड जाते.

चांदणी परटिणीच्या गोठ्यात राहिली. नाणे तीन रुपयांचे ठरले. सोनारीण रोज सकाळी परटिणीकडून एक लिटर दूध विकत आणू लागली.