एका सुळक्याची दोन नावं

फार फार वर्षांमागे, माणसं डोंगरालाही नावानं हाक मारीत तेव्हाची ही गोष्ट. एका उंच सुळक्याच्या दोन अंगांना दोन गावं होती. अलीकडून सुळका डोक्यावर घागर घेतलेल्या बाईसारखा दिसे, म्हणून अलीकडचे त्याला घागरवाली म्हणत. पलीकडून त्याचं टोक वाकडं दिसे, म्हणून पलीकडचे त्याला विंचू म्हणत आणि त्या टोकाला नांगी. दोघांचंही खरंच होतं, पण भांडायला खोटंच लागतं असं थोडंच आहे?

अलीकडच्या पाटलानं तर दवंडी पिटली होती, जो ‘विंचू’ म्हणेल त्याच्या दारी कोणी पाणी पिणार नाही. लेकी मात्र दोन्ही गावं एकमेकांना देत. पाटलाची एकुलती लेकही पलीकडेच नांदत होती.

एकदा दिवस कलताना एक गुराखी धापा टाकत चावडीवर आला.

“पाटील, तुमची लेक माहेरी येताना वाटेत घसरली, पाय मोडलाय. तिनं दरीपल्याडच्या गुराख्याला ओरडून जागा सांगितली. त्याला दरी ओलांडून तिच्याकडं की गावात जाता येईना, म्हणून त्यानं इकडे हाळी दिली, तीच घेऊन आलोय. विंचवाच्या नांगीखाली पडलीय म्हणे. धुकं चढतंय, लवकर चला!”

पाटलाच्या तोंडातून मात्र भलतंच निघालं. “असला डोंगर इथं नाही. घागरवाली म्हण.”

पाटलीण रडकुंडीला आली. “अहो, नांगी पलीकडच्या अंगाला आहे. पोरगीच सांगायची.”

“शेंडा एकच आहे. घागरीखाली चला!”

ज्यांना ठाऊक होतं, ते दवंडीच्या भीतीनं गप्प राहिले. धुक्यात माणसं घागरीखाली हाका मारत फिरली. ओ आली नाही. अंधार पडू लागला. तेव्हा पाटील धडपडत सुळक्यालगतच्या खिंडीत चढला आणि पलीकडच्या गावाकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं ओरडला, “विंचवाच्या नांगीखाली बघा रे! माझी लेक आहे तिथं!”

खालून पलिते हलले. लेक सापडली, वाचली, पण फार वेळ गेला होता. पाय कायमचा अधू झाला.

शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, “बाबा, मी जागा नीट सांगितली होती ना?”



तात्पर्य: नावासाठी अडून बसणाऱ्याला आपल्याच माणसाची हाक ऐकू येत नाही.