पहिला घास

नगराध्यक्ष रावसाहेब खासनीस जेवायला बसले, की पहिला घास सुलतान कुत्र्याला स्वतःच्या हाताने भरवत. लग्नाच्या पंगतीनंतर त्यांच्या पत्नी मनोरमाबाईंच्या वाट्याला तसा घास कधी आला नव्हता. सुलतानचा त्यांना मनस्वी मत्सर वाटे.

एके सकाळी सुलतान मोलकरीण येसूच्या पोटरीला कडकडून चावला. चावऱ्या जनावराची नगरपालिकेत वर्दी देऊन त्याला कोंडावे, हा नियम रावसाहेबांनीच गावाला घालून दिला होता. आता मात्र ते म्हणाले, "चावला कुठे? लाडाने दात लागले. वर्दी देणाऱ्याला या घरात थारा नाही." येसू रडू लागली.

मनोरमाबाईंनी शांतपणे ताट वाढले. "आपला शब्द मला प्रमाण. फक्त रोजचा घास त्याला भरवावा. मग मी वर्दीचे नाव काढणार नाही."

रावसाहेबांनी घास पुढे केला. सुलतान लाळ गाळत गुरगुरला. हात थबकला आणि घास दुरूनच जमिनीवर पडला.

"त्याचे लाड आपल्यालाही सोसवेनात," बाई म्हणाल्या, "मग येसूनेच का सोसावेत?"

रावसाहेबांनी सुलतानला कोंडायला लावले आणि येसूला दवाखान्यात धाडले. पुन्हा पानावर बसल्यावर सवयीने त्यांनी पहिला घास उचलला, पण तो कोणाला द्यावा हे त्यांना सुचेना. मनोरमाबाई समोरच बसल्या होत्या.