उंटाची मान

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारा आज कुणी उरला नाही. मला विचाराल तर मलाही ठाऊक नाही, तेव्हा विचारू नका. नदीकाठी एक मोठी जत्रा भरायची आणि ती हिवाळाभर चालायची, एवढं मात्र पक्कं. देशोदेशीची माणसं तिथे यायची. ज्याचं दुकान जत्रेत दिसलं नाही, त्याची पुढे कुणाला आठवणही राहायची नाही.

त्या राज्यात सगुणा नावाची एक बाई होती. तिचे वडील कातारी. चाकावर लाकूड कातून, लाखेचे रंग चढवून ते खेळणी करायचे. पोपट, बैल, भोवरे काय, सगळेच करतात हो! पण यांचा उंट म्हणजे उंट. ही लांबलचक मान, आणि वर ऐटीत धरलेलं डोकं. गावात सगळे वडिलांना तात्या म्हणत, आणि उंटाला तात्यांचा उंट.

पुढे तात्यांची दृष्टी गेली आणि चाक सगुणाच्या हाती आलं. पूर्वी व्यापारी दारात यायचे, पण रस्ता दुसरीकडून गेला आणि तेही बंद झाले. गावातल्या बाकीच्या कातारी घरांनी केव्हाच हात टेकले होते.

"तात्या, यंदा जत्रेत उंट खपले नाहीत, तर आपलंही चाक बंद करावं लागेल," सगुणा म्हणाली.

जत्रेत दोन पेठा होत्या. वरच्या पेठेत सागवानी दुकानं, कोरीव खांबांची, सगळी एका मापाची, सगळी एकाच मालकाची. कारभाऱ्याकडून किल्ली घ्यायची, माल मांडायचा, की झालं. खालच्या पेठेत दुकान असं नव्हतंच. बांबूंचा ढीग आणि दोरांची वेटोळी. हवं तसं बांधा.

आणि दोन्हीकडच्या माणसांची तोंडं काय विचारता! सगुणा घाटावर उतरते न उतरते तोच दोघं तिच्यामागे लागले. "खाली जाऊ नका बाई, तिथे दुकानं कमी आणि भांडणं जास्त." "वर जाऊ नका ताई, तिथे खिळा ठोकायला परवानगी लागते." बिचारीचं डोकं भणभणलं. शेवटी ती स्वतःच दोन्हीकडे बघून यायला निघाली.

खालच्या पेठेत खरोखरच भांडण चाललं होतं. गाठ डावीकडून घ्यावी की उजवीकडून, यावर दोन बाप्ये हातघाईवर आले होते. शेजारी सुपं विकणारी म्हाळसाबाई निवांत बसली होती.

"यांचं रोजचंच आहे," ती म्हणाली. "तू ये खुशाल. पण दुकान तुलाच बांधावं लागेल हो. आम्ही शिकवू, हात मात्र तुझे."

प्रत्येक दुकानाच्या पुढच्या खांबाला एक मोकळा दोर लटकत होता. सगुणाने विचारलं, "हा कशाला?"

"तो आपला नसतो. ज्याला अडेल तो घेऊन जातो, न विचारता. आपण दुसरा लावायचा."

सगुणाला हसू आलं. इथे माझं चाक बंद पडायची वेळ आली आणि ही बाई मला दोर दाखवते! तिने सरळ वर जाऊन किल्ली घेतली.

दुकान होतंच तसं देखणं. पण उंट फळीवर ठेवायला गेली, तर डोकं वरच्या फळीला अडलं. आडवा ठेवला, तर मेल्यासारखा दिसला.

"कारभारी, ही फळी जरा वर घेता येईल का?"

"फळी हलत नाही बाई. बांगडीवाल्याला बघा, त्याची काही तक्रार आहे का?"

खरंच नव्हती. त्या फळ्यांवर बांगड्या अशा झळकत होत्या, की बघत राहावं. सगुणाला वाटलं, म्हणजे चूक आपल्या उंटाचीच असणार. ती घरी गेली आणि तिने आखूड मानेचे उंट कातले.

हसू नका. समोर चांगली फळी दिसली की आपणही आपला माल तिच्या मापाचा करतो, आणि वर म्हणतो, असाच बरा दिसतो.

नवे उंट फळीवर अगदी नीट बसले. लोक येत, एखादा उचलून बघत आणि परत ठेवून पुढे जात. असे कितीतरी दिवस गेले. एक दिवस सगुणा खचून घरी आली आणि तिने एक उंट तात्यांच्या हातात दिला. तात्यांनी पाठीवरून बोट फिरवलं, मग मानेवरून.

"बकरी चांगली उतरलीय गं पोरी," ते म्हणाले. "शिंगं बसवायची राहिली वाटतं."

"तात्या, हा उंट आहे," सगुणा म्हणाली.

तात्यांनी पुन्हा एकदा चाचपलं. "असेल हो," ते हळूच म्हणाले. "मला दिसत नाही ना, माझंच चुकलं असेल."

सगुणा ढसाढसा रडली. मग उठली, डोळे पुसले आणि चाकाशी बसली. लांब मानेचे उंट पाटीत भरून ती पुन्हा जत्रेत आली. किल्ली कारभाऱ्याला परत केली आणि खालची वाट धरली.

"आलीस? वरची हवा मानवली नाही वाटतं!" म्हाळसाबाई म्हणाली. पण लगेच उठली. "तुझा सगळ्यात उंच उंट काढ बघू आधी. त्याच्या मापाने बांबू तोडू."

गाठीवरून भांडणारे दोघेही मदतीला आले. एका खांबाची गाठ डावीकडून झाली, एकाची उजवीकडून. सगुणाच्या हाताला फोड आले. दुकान थोडं तिरकंच उभं राहिलं, पण उंट त्यात मान वर करून उभा होता. नावेतून येणाऱ्यांना तो लांबूनच दिसायचा.

मग एके दिवशी वादळ आलं. सागवानी दुकानांचं पत्रावळीएवढंही काही उडालं नाही, फक्त बांगडीवाल्याच्या दुकानाचं एक आढं तडकलं. खालची पेठ मात्र पार झोपली. संपलं सगळं, म्हणत सगुणा डोक्याला हात लावून बसली. तेवढ्यात कुणीतरी तिच्या पुढ्यात एक दोर टाकला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पेठ पुन्हा उभी होती.

वर बांगडीवाला कारभाऱ्याने कुलूप लावलेल्या दुकानाबाहेर बसला होता. मालक परगावी, आणि त्याच्याशिवाय आढ्याला हात लावायचा नाही असा नियम. सगुणा आपला दोर घेऊन गेली, तर कारभारी म्हणाला, "बाहेरचा दोर चालत नाही." ती बांगडीवाल्याला म्हणाली, "दादा, तुमच्या बांगड्यांना साजेशा फळ्या खालीही बांधता येतील. चला." जत्रा संपेपर्यंत त्याने खालीच बांगड्या विकल्या.

सगुणाचे उंट सगळे गेले. एकच तिने ठेवून घेतला होता. शेवटच्या दिवशी तिने तात्यांना हाताला धरून दुकानात आणलं आणि तो त्यांच्या पुढ्यात ठेवला. तात्यांचं बोट पाठीवरून निघालं, मानेवर आलं आणि वर चढत गेलं. ते चढतच राहिलं. डोक्यापाशी पोहोचल्यावर म्हातारा लहान पोरासारखा हसला.

"हा आपला," तात्या म्हणाले.

सगुणाने पुढच्या खांबाला नवा दोर बांधला, येणाऱ्यासाठी.

तात्पर्य: जागा आपल्या मालाच्या मापाची बघावी, आणि ती निवडण्याआधी पडझडीच्या दिवशी तिथे कोण धावून येतं, ते बघावं.